श्रीलंका एका खेपेला अर्धीच पाहावी

श्रीलंकेचं क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा जेमतेम पाचवा हिस्सा. नकाशावर हा आकार पाहिला की सहलीचा बेत आपोआप ठरतो: कोलंबोला उतरायचं, सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया, एल्ला, याला, गॉल असं गोल फिरून आठव्या दिवशी परतायचं. बहुतेक सहल कंपन्यांचा कार्यक्रमही याच वळणाचा असतो. माझं म्हणणं याच्या उलट आहे. आठवडाभराच्या सुट्टीत श्रीलंका अर्धीच पाहावी, आणि कुठली अर्धी हे महिना बघून ठरवावं.

कारण पाऊस. या बेटाच्या मधोमध, जरा दक्षिणेकडे डोंगर आहेत. सर्वांत उंच शिखर पिदुरुतलागल, २,५२४ मीटर. सह्याद्री जसा कोकण आणि देश वेगळे करतो, तसे हे डोंगर बेटाचे दोन भाग करतात. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे कोलंबो, गॉल आणि चहाच्या मळ्यांचा उतार झोडपतात, तेव्हा पलीकडचा उत्तर-पूर्व भाग कोरडा असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्य वारे येतात, तेव्हा पूर्व किनाऱ्यावर पाऊस आणि दक्षिण किनाऱ्यावर ऊन. म्हणजे गोल फेरी मारणारा प्रवासी बहुतेक महिन्यांत कुठे ना कुठे पावसात सापडतोच. मराठी घरांच्या सुट्ट्या ठरलेल्या असतात, मे महिना आणि दिवाळी. त्यांतली दिवाळी सर्वांत बेभरवशाची. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपारनंतर बेटभर गडगडाटी पाऊस पडतो आणि बंगालच्या उपसागरातली वादळंही याच सुमारास येतात. नोव्हेंबर २०२५च्या अखेरीस आलेल्या दित्वा चक्रीवादळात डोंगराळ भागात दरडी कोसळून फार मोठी प्राणहानी झाली. मे मात्र चालतो, उत्तरार्धात तोंड कोरड्या भागाकडे वळवलं तर.

हा कोरडा भाग म्हणजे जुनी राजरट, अनुराधापुर आणि पोलोन्नरुवा या राजधान्यांचा मुलूख. पाऊस थोडा आणि तोही दोन-तीन महिन्यांत पडून जाणारा, म्हणून इथल्या राजांनी तलाव बांधले आणि त्या पाण्यावर शहरं उभी राहिली. अनुराधापुर हजार वर्षांहून अधिक काळ राजधानी होतं. तिथला जेतवन स्तूप मुळात सुमारे १२२ मीटर उंच होता. तो सुरू करणाऱ्या महासेन राजानेच मिन्नेरियाचा तलाव बांधला. पाचव्या शतकात धातुसेन राजाने कला वेवा हा प्रचंड तलाव बांधला. त्यातून निघणारा जयगंगा कालवा सुमारे ८७ किलोमीटर वळणं घेत अनुराधापुरला पाणी नेतो आणि सुरुवातीच्या टप्प्यात त्याचा उतार किलोमीटरमागे जेमतेम दहा सेंटिमीटर आहे. चूळवंस या जुन्या इतिवृत्तात कथा आहे की धातुसेनाचा मुलगा कश्यप याने बापाकडे खजिना मागितला, तेव्हा धातुसेनाने त्याला या तलावावर नेलं आणि हीच आपली सारी संपत्ती म्हणून दाखवली. कश्यपाने बापाला मारलं आणि सिगिरियाच्या कड्यावर आपला महाल बांधला. त्या कड्याच्या पायथ्याच्या बागेतली कारंजी पावसाळ्यात आजही उडतात. कला वेवा पाहून सिगिरियाला गेलेल्या माणसाला तिथली भित्तिचित्रं दिसतातच, शिवाय त्यांच्यामागचं राज्यही दिसतं. अर्ध्या दिवसाच्या थांब्यात हे घडत नाही, आणि गोल फेरीत सिगिरियाच्या वाट्याला अर्धाच दिवस येतो.

मुलं भग्नावशेषांना कंटाळतील, हा आक्षेप खरा आहे. पण राजरटेत इतिहास आणि रानही एकाच पाण्यावर जगतात. कोरड्या महिन्यांत मिन्नेरियाचं पाणी ओसरलं की तळाशी कोवळं गवत उगवतं आणि ऑगस्ट-सप्टेंबरात तिथे शेकडो हत्ती जमतात. सतराशे वर्षांपूर्वी शेतीसाठी माणसाने बांधलेला तलाव हत्तींचं कुरण झाला आहे, आणि या देशाबद्दल मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच. मे महिन्यात हा मेळावा भरलेला नसतो, हे कबूल करायला हवं. हत्ती मात्र असतात. मिन्नेरिया, कौडुल्ला आणि हुरुलु या रानांपैकी त्या आठवड्यात कळप कुठे आहेत, हे जवळच्या हबरणा गावातल्या जीपवाल्याला विचारून ठरवावं. अलीकडे धरणांच्या पाण्यामुळे तलावाची पातळी उंच राहते आणि गवत बुडतं, त्यामुळे आधी पैसे भरून एकाच उद्यानाला बांधून घेणं शहाणपणाचं नाही.

समुद्राचं काय? सिगिरियापासून शंभर किलोमीटरच्या आसपास त्रिंकोमाली आहे आणि मे ते सप्टेंबर तिथला समुद्र शांत असतो. रामायणातली स्थळं पाहायची म्हणून जाणाऱ्यांना नुवारा एलियाजवळचं सीतेचं मंदिर राहून गेल्याची चुटपुट लागेल. त्यांच्यासाठी त्रिंकोमालीच्या कड्यावर कोणेश्वर आहे. स्थानिक परंपरा त्याचं नातं रावणाशी जोडते. सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडलं आणि विसाव्या शतकात ते पुन्हा उभं राहिलं. एवढ्यावर समाधान न होणाऱ्यांनी डोंगर जोडावेत, पण कँडी ते नुवारा एलिया या पंचाहत्तर किलोमीटरांना घाटातून अडीच-तीन तास लागतात, हे धरून दिवस मोजावेत.

सर्वांत जड आक्षेप पैशाचा: एकदाच जाणं होणार, मग सगळं का पाहू नये? युरोपच्या बाबतीत हे पटतं. पण मुंबई-कोलंबो थेट विमानाला तीन तासही लागत नाहीत, आणि गोल फेरीत रोज बदलणाऱ्या हॉटेलांचा व दिवसभर धावणाऱ्या गाडीचा खर्च एका जागी तीन-चार रात्री राहिल्याने बराच वाचतो. राहिलेली अर्धी, म्हणजे गॉलचा किल्ला, सिंहराजाचं वर्षावन, मिरिसाच्या समुद्रातले देवमासे, ही जानेवारी ते मार्चची आहे. ज्यांच्या घरी शाळेत जाणारं कुणी नाही, त्यांनी तर सुरुवातच तिथून करावी.