तीस दिवसांचा शेक आणि बुडालेली मजुरी

भिवंडी तालुक्यातील वडपे आता गोदामांचे गाव म्हणून ओळखले जाते. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये जवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण झाला. नागपूरची गाडी आठ तासांत आमच्या दारात येते म्हणतात. मात्र याच गोदामांत पाठीवर गोण्या वाहणाऱ्या आमच्या एका बांधवाला वडप्याहून परळच्या टाटा रुग्णालयात पोहोचायला तीन तास लागतात आणि परतायलाही तितकेच. तोंडाच्या कर्करोगासाठी त्यांना तीस दिवसांचे रेडिएशन सांगितले आहे. वस्तीत त्याला कोणी शेक म्हणतात, कोणी लाईट.

आठवड्याचे पाच दिवस, असे सहा आठवडे. यंत्राखाली निजायचे ते काही मिनिटेच. मान हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा घट्ट बसवतात. त्या वेळी काही दुखत नाही, भाजत नाही. पहिले दोन आठवडे माणूस म्हणतो, एवढेच होय! मग तोंडात फोड येतात, लाळ आटते, चव जाते, गळ्याची कातडी काळवंडते आणि थकवा असा येतो की झोपूनही उतरत नाही. "वकीलसाहेब, लाईटखाली डोळे मिटून पडता येतं, पण ठाण्याचा जिना चढवत नाही," असे ते आम्हाला म्हणाले. लोकलमधला अपंगांचा डबा कर्करोगाच्या रुग्णांसाठीही असतो. रुग्णालयाचा कागद खिशात ठेवला की झाले. पहिले चार दिवस हे आम्हालाच सुचले नाही, आणि काळा कोट घालून आम्ही लोकांना हक्क शिकवतो!

घरात आणखी एक गोंधळ होता. अंगातून किरणे बाहेर पडतात म्हणून नातवाला त्यांच्याजवळ जाऊ देत नसत. हा निव्वळ गैरसमज होय. बाहेरच्या यंत्रातून दिलेली किरणे यंत्र बंद झाले की संपतात, माणसाच्या अंगात राहत नाहीत. आता नातू मांडीवर बसतो. शेजारच्या बाया मऊ पेज, मुगाचे पातळ वरण करून पाठवतात, तिखट बंद. डॉक्टरांनी सांगितलेल्या गुळण्या ते न चुकता करतात.

चौथ्या आठवड्यात मात्र ते म्हणाले, गाठ तर दिसत नाही, आता पुरे. खरा धोका येथेच आहे. गाठ दिसेनाशी झाली म्हणजे रोग गेला असे नव्हे. मध्ये खंड पडला तर उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात, आणि घेतलेल्या शेकाचे मोल कमी होते. हे त्यांना डॉक्टरांनीही सांगितले होते. तरी ते का थांबू पाहत होते? फोडांनी ते हैराण होतेच, पण त्याहून अधिक घरातला डबा रिकामा होता. उपचाराचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून भागतो. बुडालेली मजुरी कोण देणार?

याचे उत्तर कायद्यात आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४३ साली, कामगारांच्या आरोग्य विम्यासाठी प्रा. आदरकरांची नेमणूक झाली आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. या विम्यात आजारी कामगाराला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो. कर्करोगासारख्या दीर्घ आजारात तो ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. अट अशी की त्याआधी सलग दोन वर्षे विमा चालू असावा.

आणि ठेकेदार नेमकी हीच साखळी तोडतो. काम तेच, गोदाम तेच, पण दर थोड्या दिवसांनी ठेकेदाराचे नाव नवे आणि कामगाराची नोंदही नवी. आमच्या बांधवाच्या बाबतीत तर ठेकेदार म्हणतो, हा आमचा माणूसच नव्हे! गेटपास आणि हजेरीच्या चिठ्ठ्या त्यांच्या पत्नीने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या, म्हणून बरे. ठेक्यावरील कामगाराची वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मूळ मालकाची असते. त्याप्रमाणे आम्ही मालकाला नोटीस पाठवली आहे.

निकाल लागेल तेव्हा लागेल. शेक थांबू शकत नाही. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा टाटाच्या रुग्णांना आसरा देते, पण तेथे दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेली माणसे असताना आम्ही वडपेकरांनी जागा अडवावी हे आम्हाला पटेना. म्हणून विहारातील पाच तरुणांनी एकेक वार वाटून घेतला. प्रत्येकाचा आठवड्याला एक खाडा होतो, तो इतर चौघे वर्गणीतून भरून देतात. गुरुवारवाला मुलगा पहिल्यांदाच परळला गेला होता. परत आल्यावर त्याने खिशातली गुटख्याची पुडी विहाराबाहेरच्या गटारात टाकली. आम्ही त्याला काहीच विचारले नाही.

शुक्रवारी बाविसावा शेक झाला. तेविसावा सोमवारी. सोमवारवाल्याला ताप आला आहे, तेव्हा सोबत कोण जाणार हे रविवारी वंदनेनंतर ठरेल.