डिलनची गाणी नेमकी कुणाची?

डिसेंबर २०२० मध्ये बॉब डिलनने आपली गाणी विकून टाकली. दोनचार नव्हे, साठ वर्षांत लिहिलेली ६०० हून अधिक. घेणारी होती युनिव्हर्सल म्युझिकची प्रकाशन शाखा. आकडा कंपनीने जाहीर केला नाही, पण अमेरिकी वृत्तपत्रांनी तो ३० कोटी डॉलरच्या पुढे असल्याचे म्हटले. आता गंमत अशी की डिलनच्या आवाजातली रेकॉर्डिंग या सौद्यात नव्हतीच. ती सोनीने वेगळ्या व्यवहारात, जुलै २०२१ मध्ये घेतली आणि बातमी फुटली थेट जानेवारी २०२२ मध्ये.

एकाच गाण्याचे हे दोन सौदे कसे? ध्वनिमुद्रित गाण्यात मुळात दोन मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही एक, त्यांचे विशिष्ट रेकॉर्डिंग ही दुसरी. ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ घ्या. डिलनने ते १९६७ च्या अखेरीस ‘जॉन वेस्ली हार्डिंग’ या अल्बममध्ये गिटार-माउथऑर्गनवर साधेपणाने गायले. (याच अल्बमच्या वेष्टनावर डिलनच्या शेजारी बंगालचे पूर्णदास आणि लक्ष्मणदास हे बाउल गायक उभे आहेत.) पुढच्या वर्षी जिमी हेंड्रिक्सने त्याच गाण्यात वीज भरली. हेंड्रिक्सची तबकडी खपली की रेकॉर्डिंगचे उत्पन्न त्याच्या बाजूला जाते, पण शब्द-चालीचा हिस्सा २०२० च्या सौद्यापर्यंत निघत असे तो डिलनच्या नावावर. अमेरिकेतल्या साध्या रेडिओवर तर गाणे वाजल्याचा मोबदला केवळ गीतकार-संगीतकाराला आणि प्रकाशकाला मिळतो. गाणाऱ्याला त्यातले काही नाही. तरी हेंड्रिक्सची खरी जीत वेगळीच. पुढे खुद्द डिलन मैफलींत हे गाणे हेंड्रिक्सच्या ढंगाने वाजवू लागला.

डिलनचे खरे भांडवल हे असे दुसऱ्यांच्या गळ्यात आहे. त्याची गाणी ६००० हून अधिक वेळा रेकॉर्ड झाली, असे युनिव्हर्सलनेच तेव्हा सांगितले. ‘ब्लोइन इन द विंड’ घरोघरी पोहोचवले १९६३ मध्ये पीटर, पॉल अँड मेरी या त्रिकुटाने. ‘मिस्टर टँबुरीन मॅन’ १९६५ मध्ये पहिल्या क्रमांकावर नेले बर्ड्‌स या गटाने. बिलबोर्डच्या मुख्य यादीत डिलनला स्वतःला मात्र हे स्थान कधीच मिळाले नाही. सहा मिनिटांचे ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ दुसऱ्या क्रमांकावर अडकले. १९९७ मधले ‘मेक यू फील माय लव्ह’ आज अनेक तरुण ॲडेलचेच गाणे समजतात. तिने ते २००८ मध्ये गायले. हा सगळा योगायोग नव्हता. विशीच्या सुरुवातीला डिलन विटमार्क या प्रकाशन संस्थेत एकट्याने गाऊन नमुने ध्वनिमुद्रित करत असे, ते इतर गायकांना गाणी ऐकवता यावीत म्हणूनच.

पण ‘शब्द आणि चाल डिलनची’ म्हणताना जरा थांबावे लागते. संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ छापून ती कोणत्या गाण्यावर बेतली हे उघड सांगितलेले असे. डिलनच्या सुरुवातीच्या गाण्यांवर तशी ओळ छापली असती तर पान भरले असते. ‘ब्लोइन इन द विंड’ची चाल गुलामगिरीच्या काळातल्या ‘नो मोअर ऑक्शन ब्लॉक’ या गीतावरून आली. ‘मास्टर्स ऑफ वॉर’च्या मागे ‘नॉटमन टाउन’ हे लोकगीत आहे, तर ‘अ हार्ड रेन’चा प्रश्नोत्तरी सांगाडा ‘लॉर्ड रँडल’ या जुन्या पोवाड्यासारख्या कथागीताचा. लंडनमध्ये मार्टिन कार्थीकडून ऐकलेल्या ‘स्कारबरो फेअर’मधून ‘गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री’ जन्मले. याला चोरी म्हणणारे तेव्हाही होते. लोकसंगीताच्या परंपरेत मात्र ही रीतच होती. लोकगायक वूडी गथ्रीने तेच केले आणि डिलन त्याचाच चेला. मुद्दा इतकाच उरतो की सार्वजनिक विहिरीतून भरलेल्या घागरीवर पुढे मालकी हक्काची चिठ्ठी लागली.

मालकीच्या या वहीत आणखीही चमत्कारिक नोंदी आहेत. रॉबी रॉबर्टसनने ‘द बँड’ या गटासाठी लिहिलेले ‘द वेट’ डिलनने लिहिलेले नाही, पण प्रकाशनाचे हक्क त्याच्याकडे होते, म्हणून तेही २०२० च्या सौद्यात गेले. उलट ‘वॅगन व्हील’मध्ये डिलनचे फक्त धृपद आहे. १९७३ मध्ये एका चित्रपटाच्या रेकॉर्डिंगच्या वेळी तो ते गुणगुणला आणि विसरला. ओल्ड क्रो मेडिसिन शोच्या केच सीकॉरने कडवी लिहून ते पुरे केले. २०१३ मध्ये डेरियस रकरच्या आवाजात ते कंट्री संगीताच्या यादीत अव्वल आले.

टाकून देणे ही डिलनची जुनी खोड. ‘ब्लाइंड विली मक्टेल’ त्याने १९८३ मध्ये रेकॉर्ड केले आणि ‘इन्फिडेल्स’ अल्बममधून गाळले. आज कित्येक जाणकार ज्याला त्याच्या सर्वोत्तम रचनांत धरतात, ते गाणे अधिकृतपणे बाहेर आले १९९१ मध्ये, ‘बूटलेग सिरीज’च्या पहिल्या संचात. या मालिकेला कारणही चोरट्या बाजाराचेच. १९६७ मध्ये वूडस्टॉकजवळच्या घरांत ‘द बँड’सोबत केलेली रेकॉर्डिंग हातोहात फिरली आणि १९६९ मध्ये ‘ग्रेट व्हाइट वंडर’ नावाच्या बेकायदा तबकडीतून त्यांतली काही विकली गेली. डिलनच्या कंपनीने त्यांचा अल्बम काढेपर्यंत १९७५ उजाडले. सहा सीडींचा पूर्ण संच तर २०१४ चा.

डिलनला मिळालेल्या २०१६ च्या साहित्याच्या नोबेलनंतर ‘गाणे म्हणजे साहित्य का’ हा वाद रंगला. तो काहीसा पोकळच होता, कारण डिलनचे गाणे कागदावर स्थिर राहतच नाही. ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’ या अल्बमची गाणी त्याने सप्टेंबर १९७४ मध्ये न्यूयॉर्कला रेकॉर्ड केली आणि डिसेंबरमध्ये मिनियापोलिसला जाऊन त्यांतली निम्मी पुन्हा नव्याने केली.

डिलन ऐकायला सुरुवात करायची असेल, तर लोकप्रिय गाण्यांचे संकलन बाजूला ठेवावे. ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’ आधी ऐकावा, मग २०१८ मध्ये निघालेला ‘मोअर ब्लड, मोअर ट्रॅक्स’ हा त्याच गाण्यांच्या आधीच्या रूपांचा संच. दुसऱ्यातले ‘इडियट विंड’ पहिल्यातल्यापेक्षा सरस आहे.