पंचेचाळीस दिवसांचे उत्तर कोणासाठी?



मोबाइलवर धंद्याचा प्रश्न विचारला की दोन तऱ्हेची उत्तरे मिळतात. एक सर्वांना सारखे, तयार कपड्यासारखे. दुसरे विचारणाऱ्याची हकिकत ऐकून, मापाने बेतलेले. मार्च २०२४ मध्ये एका तयार उत्तराने आमचा व्यवहार कसा बिघडवला ते सांगतो.

आयकर कायदा १९६१ च्या कलम ४३ब मध्ये २०२३ साली एक नवे पोटकलम आले आणि २०२३-२४ या वर्षापासून लागू झाले. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ज्या वर्षी ते प्रत्यक्ष चुकते होतील त्याच वर्षी खर्च म्हणून धरले जातात. म्हणजे मुदत उलटून ३१ मार्चला रक्कम बाकी असेल, तर त्या वर्षी नफा तेवढा फुगलेला दिसतो आणि त्यावर कर बसतो.

बाजारात सगळ्यांच्या मोबाइलवर याचे एकच उत्तर फिरत होते : सर्व खरेदीचे पैसे ४५ दिवसांत द्या. आम्ही फेब्रुवारीच्या सुरुवातीला मालेगावच्या एका मागवाल्याकडून ग्रे कापडाचे ४० ताके तीन महिन्यांच्या उधारीवर घेतले होते. घाबरून ते परत पाठवले. त्याचे माग अवघे १२. सूतवाल्याचा तगादा, कारागिरांची आठवड्याची मजुरी आणि ईद तोंडावर. फोनवर तो काही बोलला नाही, एवढेच म्हणाला, "सेठ, माल तर चांगला होता."

नंतर आमच्या सी.ए.कडे गेलो. त्यांनी उत्तर देण्याआधी प्रश्न विचारले. माल विकणारा स्वतः तयार करतो की नुसती खरेदी-विक्री करतो? व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते खरी, पण ती बँकेच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरती. हे मुदतीचे बंधन त्यांच्या बिलाला लागत नाही. विकणारा सूक्ष्म, लघु की मध्यम? मध्यमाला हा नियम नाही. सौदा लेखी आहे का? इथे आमची मान खाली गेली. ४५ दिवसांची कमाल मुदत लेखी करार असेल तरच. करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवस. आपल्या बाजारात बहुतेक सौदे जबानीवर होतात, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांसाठी ४५ हा आकडाच चुकीचा होता! शेवटचा प्रश्न, मागवाल्याची उद्यम नोंदणी आहे का? नव्हती. सी.ए. म्हणाले, मग ताके परत करण्याची गरज नव्हती.

ते एका ओळीचे उत्तर अगदी खोटे नव्हते. लेखी करार करून नोंदलेल्या लघु कारखान्याचा माल घेणाऱ्याला ते बरोबर बसते. तो माणूस आम्ही नव्हतो.

आता काही जण म्हणतील, हल्ली मोबाइलवरचे यंत्रही माणूस पाहून उत्तर देते. आम्ही तेही करून पाहिले. मुलाने आमचा धंदा, उलाढाल, उधारी सारे लिहिले. उत्तर पुष्कळ सुधारले, पण नोंदणीची बाब आम्ही लिहिली नव्हती आणि त्याने विचारली नाही. मागवाला नोंदलेला आहे असे धरूनच त्याने मशविरा दिला. शिंप्याला छातीचे माप दिले, बाहीचे दिले नाही, तर तो अंदाजानेच कापणार.

उत्तर कोणत्या तारखेचे आहे तेही बघावे. लघु उद्योगाची उलाढालीची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ५० कोटींवरून १०० कोटी झाली, गुंतवणुकीची १० कोटींवरून २५ कोटी. त्यामुळे काल मध्यम असलेली ७० कोटींची गिरणी आज लघु असू शकते आणि तिचे बिल या नियमात येऊ शकते. जुना मजकूर वाचणाऱ्याला हे कळणार नाही. आयकर कायदा २०२५ मध्ये तर कलमांचे क्रमांकही बदलले आहेत.

म्हणून विचारण्यापूर्वी विकणाऱ्याचे उद्यम प्रमाणपत्र मागून घ्यावे. त्यात वर्ग आणि कामाचा प्रकार, उत्पादन की व्यापार, दोन्ही लिहिलेले असते. माल स्वीकारल्याची तारीख बिलावर टाकावी आणि सौद्याची चिठ्ठी दोघांच्या सहीने ठेवावी.

आमच्या त्या मागवाल्याने परत आलेले ताके पडत्या भावात दुसरीकडे दिले. पुढे त्याने उद्यम नोंदणी करून घेतली. आता त्याच्याशी आमचा लेखी करार आहे, आणि त्याचे पैसे ४५ दिवसांच्या आत पोचतात.