मार्टिन ऑफिया : कडेवरचा वेग

खेळ : रग्बी लीगमध्ये संघात 13 खेळाडू, रग्बी युनियनमध्ये 15. विंगर मैदानाच्या दोन्ही कडांना, लीगमध्ये पाठीवर परंपरेने 2 किंवा 5 क्रमांक. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणे म्हणजे ट्राय; लीगमध्ये त्याला 4 गुण.

कारकीर्द : ऑफिया हा विंगर. जन्म 1966, लंडन. युनियन सोडून 1987 मध्ये विडनेस संघात. 1992 मध्ये विगनकडे. हस्तांतर शुल्क 4 लाख 40 हजार पौंड, तेव्हाचा विक्रम. त्याच वर्षी लीड्सविरुद्ध एका सामन्यात 10 ट्राय. टोपणनाव ‘चॅरियट्स’, 1981 च्या चित्रपटावरून.

चाहत्यांच्या आठवणीतला ट्राय : वेम्बली, 1994, चॅलेंज कपची अंतिम लढत. चेंडू हाती आला तो स्वतःच्याच गोलरेषेजवळ. बचावफळीतल्या फटीतून मुसंडी, पुढे मोकळे मैदान. आडवा आला लीड्सचा फुलबॅक (सर्वांत मागचा बचावपटू) अॅलन टेट, विडनेसमधला जुना सहकारी. त्याला बाहेरून मागे टाकून चेंडू कोपऱ्यात टेकवला. विगन 26, लीड्स 16.