जुना कॅमेरा आणि रोजचा दिवस

साठ-सत्तर वर्षांपूर्वी नांदत असलेल्या कोणत्याही मध्यमवर्गीय मराठी घरातील फोटोंची पेटी उघडून पाहावी. तीत मुंजीचा बटू असतो, बोहल्यावरचे वधूवर असतात, पदवीचा झगा घातलेला थोरला मुलगा असतो आणि रंगविलेल्या पडद्यापुढे, शेजारी फुलदाणी ठेवून, खुर्चीवर ताठ बसलेले आजोबा असतात. पेटीत काय नाही याचा विचार करू लागले म्हणजे मात्र नवल वाटते. सुपात तांदूळ निवडणारी आजी त्यात नसते. ओसरीवर वर्तमानपत्र वाचता वाचता पेंगणारे वडील नसतात. नळावरची रांग नसते, चुलीपुढची आई नसते, शाळेतून चिखलाने माखून आलेले पोर नसते. ज्या हजारो दिवसांचे मिळून त्या घराचे आयुष्य झाले, त्यांतला एकही दिवस पेटीत सापडत नाही; सापडतात ते फार तर दहा-बारा समारंभ.

याचा दोष त्या माणसांच्या अरसिकतेला देणे अन्यायाचे होईल. त्याचे कारण बऱ्याच अंशी पैशात आणि त्याहूनही अधिक यंत्रात होते. गंमत अशी की आज, हातातल्या फोनने हवी तितकी चित्रे फुकट काढता येत असताना, अनेक हौशी माणसे तीच जुनी यंत्रे माळ्यावरून खाली काढीत आहेत आणि त्यांनी टिपण्याजोगे म्हणून निवडले आहेत ते नेमके हे राहून गेलेले क्षण. हे कसे घडले ते समजण्यासाठी कॅमेऱ्याच्या पोटात थोडे डोकावले पाहिजे.

फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टीवर दिलेला सरसाचा पातळ थर. त्या सरसात चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. भिंगातून आलेला प्रकाश ज्या स्फटिकावर पडतो त्याच्यात एक बारीकसा बदल होतो. तो इतका बारीक की सूक्ष्मदर्शकानेही दिसत नाही. या न दिसणाऱ्या चित्राला गुप्त प्रतिमा म्हणतात. पुढे अंधाऱ्या खोलीत डेव्हलपरच्या द्रावणात फिल्म बुडविली म्हणजे प्रकाश लागलेल्या स्फटिकांची काळी चांदी होते, आणि प्रकाश न लागलेले क्षार हायपोच्या द्रावणात विरघळून निघून जातात. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने १८१९ साली शोधला आणि वीस वर्षांनी छायाचित्रणाला तो वरदान ठरला. आजही काळ्यापांढऱ्या फिल्मची प्रक्रिया मुळात हीच आहे.

तेव्हा सारा प्रश्न प्रकाशाचा आहे. फिल्म जितकी मंद तितका तिला प्रकाश अधिक हवा आणि तितका वेळ शटर उघडे ठेवले पाहिजे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या जाणत्या सभासदांपैकी एक. त्या काळी काचेची पट्टी ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी लागे, कित्येक सेकंद उघडी ठेवावी लागे आणि वाळण्यापूर्वी धुवावी लागे. समोरच्या माणसाची मान हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार देत. जुन्या फोटोंतील मंडळी इतकी गंभीर का, याचे उत्तर त्यांच्या स्वभावात शोधण्याचे कारण नाही. कित्येक सेकंद हसू धरून ठेवणे कोणालाही कठीणच.

अमेरिकेत जॉर्ज ईस्टमनने १८८८ साली गुंडाळलेल्या फिल्मचा कोडॅक कॅमेरा आणला आणि १९०० साली एका डॉलरला ब्राउनी नावाची पुठ्ठ्याची पेटी विकायला काढली. कॅमेरा घरात आला तो खऱ्या अर्थाने तेव्हा. आपल्याकडे हेच काम पुढे अॅग्फाच्या क्लिक थ्री या कॅमेऱ्याने केले. तो बडोद्यास तयार होत असे. एका रोलवर बारा चौकोनी चित्रे, एकच भिंग, एकच वेग, आणि ऊन व ढग अशा दोन खुणा. याहून सोपे यंत्र कल्पिता येणार नाही, आणि पहिला फोटो आपल्या हाताने काढल्याचा आनंद असंख्य भारतीयांना त्याने दिला.

परंतु या सोपेपणाची एक किंमत होती. अशा पेटीकॅमेऱ्याचा वेग साधारणपणे सेकंदाचा तिसावा भाग असे. माणूस सहज चालतो तेव्हा सेकंदाला सव्वा मीटर तरी पुढे जातो. म्हणजे शटर उघडे असेतो तो चार सेंटीमीटर सरकलेला असतो. चित्रात त्याचा धूसर पट्टा उमटतो. म्हणून चालणाऱ्याला थांबवावे लागे, खेळणाऱ्या मुलाला उभे करावे लागे, आणि थांबवून उभे केले की तो क्षण रोजचा राहत नसे. दुसरी अडचण याहून मोठी. या कॅमेऱ्यांच्या भिंगाचे तोंड लहान. त्यांना भरपूर ऊन हवे. वाड्याच्या माजघरात किंवा स्वयंपाकघरात उन्हाच्या मानाने प्रकाश शंभर पटींहूनही कमी असतो. तिथे पेटीकॅमेरा आंधळा. साहजिकच घरातील माणसांना अंगणात किंवा गच्चीवर बोलावले जाई. पुरुषांचा दिवस निदान ओसरीवर आणि रस्त्यावर जाई. बायकांचा दिवस जाई तो घराच्या काळोख्या भागात. त्यांचे श्रम, त्यांच्या गप्पा, त्यांच्या दुपारी चित्रात आल्या नाहीत याला समाजाचे दुर्लक्ष कारण होते हे खरेच, पण भिंगाचे ते छोटे भोकही कारण होते. आणि ज्यांच्या घरी कॅमेराच नव्हता, त्यांच्याविषयी तर बोलायलाच नको.

जुन्या फोटोत दिसणारी आणखी एक बारीक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. आरंभीच्या फिल्मला तांबडा रंग दिसत नसे. त्यामुळे कपाळावरचे लालभडक कुंकू छायाचित्रात काळे ठिक्कर उमटते. नातवंडांना वाटते, आजी काळा टिळा लावीत होती की काय!

कॅमेऱ्याला चालत्या माणसाच्या बरोबरीने चालायला शिकविले ते ऑस्कर बार्नाक या जर्मन कारागिराने. वेट्झलार येथील लाइट्स कंपनीत तो नोकरीस होता. त्याला दम्याचा विकार होता आणि काचांनी भरलेला जड कॅमेरा घेऊन डोंगर चढणे त्याला झेपत नसे. चित्रपटाच्या पस्तीस मिलिमीटर फितीवर चित्र काढणारा खिशातला कॅमेरा त्याने १९१४ च्या सुमारास घडविला. पहिले महायुद्ध आड आल्यामुळे तो लायका या नावाने बाजारात यायला १९२५ साल उजाडले. छत्तीस चित्रे, उघडे मोठे भिंग आणि सेकंदाच्या पाचशेव्या भागापर्यंत वेग. चालणारा माणूस एवढ्या वेळात साधारण अडीच मिलिमीटरच सरकतो.

हाच कॅमेरा घेऊन फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ जगभर हिंडला. त्याची चकाकी लोकांच्या नजरेत भरू नये म्हणून त्याचे चमकते भाग तो काळे करी. जानेवारी १९४८ मध्ये तो दिल्लीत होता आणि गांधीजींच्या हत्येच्या थोडाच वेळ आधी त्यांना भेटला होता. त्यानंतरच्या शोकाची त्याची चित्रे जगाने पाहिली. पण त्याची खरी नजर आहे ती डबक्यावरून उडी मारणाऱ्या, बाटल्या काखेत धरून मिरवणाऱ्या, नदीकाठी जेवण उरकणाऱ्या साध्या माणसांच्या चित्रांत.

दुसरे यंत्र रोलाइफ्लेक्स. हेही जर्मनीचेच, १९२९ सालचे. याला वर-खाली अशी दोन भिंगे असतात. वरच्यातून पाहायचे, खालच्याने चित्र घ्यायचे. कॅमेरा पोटाशी धरून मान खाली घालून पाहावे लागते. समोरच्या माणसावर डोळा रोखला जात नाही. काढणाराच जणू त्याला नमस्कार करीत उभा असतो. त्यामुळे समोरचा माणूस बिचकत नाही. होमाई व्यारावाला यांच्या हाती हा कॅमेरा पुष्कळदा असे. १९१३ साली नवसारीस जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या बाईंनी १९४२ नंतर दिल्लीत राहून राष्ट्राच्या मोठ्या घटना टिपल्या आणि त्यांचे नाव झाले ते त्यामुळेच. तथापि त्यांच्या आरंभीच्या काळातील मुंबईची चित्रे, विशेषतः कलाशाळेतील मैत्रिणींची, पाहताना असे वाटते की त्या काळच्या तरुण मुली आपापसांत कशा वागत होत्या, हे सांगणारा असा पुरावा दुर्मीळ आहे. त्यांची सुरुवातीची चित्रे पती माणेकशा यांच्या नावाने छापली गेली, हेही त्या काळाला धरूनच झाले. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. पुढच्याच वर्षी बडोद्यास त्या वारल्या.

अमेरिकेतील व्हिव्हियन मायर हिची गोष्ट तर याहून विलक्षण. शिकागोच्या परिसरात लोकांची मुले सांभाळण्याची नोकरी तिने सुमारे चाळीस वर्षे केली आणि गळ्यात रोलाइफ्लेक्स अडकवून रस्त्यावरची म्हातारी, भांडणारी, रडणारी, झोपलेली माणसे टिपली. चित्रांची संख्या एक लाखाहून अधिक. पण ती तिने जगाला दाखविली नाहीत. शेकडो रोल तर तिने धुतलेच नव्हते. भाडे थकल्यामुळे २००७ साली तिच्या पेट्यांचा लिलाव झाला आणि आपले नाव जगात पोहोचण्यापूर्वीच, २००९ मध्ये, ती वारली.

आता आजचे. उटकमंड येथे १९६० साली स्थापन झालेल्या सरकारी कारखान्यातून निघणारी ‘इंदू’ फिल्म एके काळी देशभर मिळे. तो कारखाना बंद पडला. कोडॅकची प्रसिद्ध कोडाक्रोम फिल्म २००९ साली थांबली आणि २०१२ मध्ये खुद्द ती कंपनी दिवाळखोरीत गेली. सारे संपले असे वाटत असतानाच मागणी पुन्हा वाढू लागली. २०१८ मध्ये एक्टाक्रोम ही रंगीत फिल्म परत आली आणि २०२४ मध्ये पेंटॅक्सने फिल्मचा नवा कॅमेराही काढला. तो निम्म्या आकाराची चित्रे घेतो, म्हणजे छत्तीसच्या रोलवर बहात्तर. ही युक्ती ऑलिंपसने १९५९ साली लोकप्रिय केली होती. काटकसरीच्या दृष्टीने ती आपल्या लोकांना पटण्यासारखी आहे, कारण फिल्म आता पुष्कळच महाग आहे.

जुना कॅमेरा वापरायचा झाल्यास प्रथम त्याला कोणत्या मापाची फिल्म लागते ते पाहावे. १२० क्रमांकाची फिल्म १९०१ पासून आजतागायत निघत आहे. क्लिक थ्री तिच्यावरच चालतो. ६२० ची फिल्म आता निघत नाही, पण ती रुंदीने १२० सारखीच असल्यामुळे अंधारात बारीक रिळावर गुंडाळून घेता येते. प्रकाशमापक नसेल तर जुना ठोकताळा लक्षात ठेवावा: लख्ख उन्हात भिंगाचे तोंड १६ वर ठेवावे आणि फिल्मच्या वेगाचा जो आकडा असेल तितकाच सेकंदाचा भाग शटरला द्यावा. शंभराची फिल्म असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग.

आणि येथेच ती मघाची उणीव भरून निघण्याचा मार्ग आहे. चारशे वेगाची फिल्म आणि २ पर्यंत उघडणारे भिंग असले की खिडकीजवळच्या ओट्यापाशी सेकंदाच्या साठाव्या भागात चित्र मिळते. म्हणजे पन्नास-साठ वर्षांपूर्वीचाच चांगला कॅमेरा आज स्वयंपाकघरात शिरू शकतो. तशी फिल्म त्या काळीही नव्हती असे नाही. ट्राय-एक्स १९५४ पासून या आकारांत मिळत आहे. पण ती, आणि असे भिंग, किती घरांना परवडत होते? बाराच चित्रे हाती असली की काढणारा माणूस ओट्यापाशी थोडा वेळ नुसता उभा राहतो. आई कढईकडे पाहत असते, तिला कॅमेऱ्याचा विसर पडतो. मग एकदाच कळ दाबली जाते. फोनने चाळीस चित्रे काढणाऱ्याला हे जमणार नाही असे नव्हे, परंतु त्याला थांबण्याचे कारण उरत नाही. शिवाय काढलेले चित्र लगेच पाहता येत नसल्यामुळे ‘दाखव बघू, पुन्हा काढ’ हा संवादच होत नाही आणि आई आपल्या कामात राहते.

घरी फिल्म धुणाऱ्यांनी उन्हाळ्याची काळजी घ्यावी. द्रावणे वीस अंशांच्या आसपास हवीत. मे महिन्यात नळाचे पाणी तीस अंशांच्या वर जाते आणि सरस मऊ पडतो. बाहेरच्या भांड्यात बर्फ घालून द्रावण गार करणे हा जुन्या स्टुडिओवाल्यांचा उपाय अजूनही चांगलाच आहे. धुतलेल्या निगेटिव्ह कोरड्या जागी ठेवाव्यात. कोकणातल्या दमट घरात पत्र्याच्या बंद डब्यात त्या राहिल्या तर बुरशी चढते, आणि डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर पट्टीच कुजू लागली आहे असे समजावे. अशा निगेटिव्हची नक्कल तातडीने करून घ्यावी व त्या इतरांपासून वेगळ्या ठेवाव्यात.

माळ्यावर सापडलेल्या कॅमेऱ्याचे पाठीमागचे दार उजेडात उघडण्याची घाई मात्र कोणी करू नये. आधी आकड्याच्या लाल खिडकीत पाहावे, किंवा गुंडाळण्याची किल्ली हलकेच फिरवून आत ताण लागतो का ते पाहावे. ताण लागला तर आत रोल आहे. तो पूर्ण गुंडाळून, अंधारात काढून, जुनी फिल्म हाताळणाऱ्या माणसाकडे द्यावा. गुप्त प्रतिमा वर्षानुवर्षे मंद होत जाते, पण सहजासहजी पुसली जात नाही. चाळीस वर्षांनी धुतलेल्या रोलवरही कधी कधी, धुक्यातून यावी तशी, अंगणातल्या दोरीवरची धुणी आणि त्यांच्याआड उभे असलेले कोणीतरी दिसते.