लोकोपकारार्थ मोटारसायकलीवरून जगप्रवास

जालना येथील औद्योगिक वसाहतीत भंगार लोखंड वितळवून सळ्या करणाऱ्या भट्ट्या रात्रंदिवस चालू असतात. पाळी सुटली की कारखान्यांच्या दारांतून मोटारसायकलींची रीघ लागते. हे दृश्य रोज पाहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने, “मी मोटारसायकलीवरून जग फिरेन आणि गरिबांसाठी पैसा जमवीन,” असे म्हटल्यास नवल नाही. अशा वेळी शिक्षकाने हसून विषय टाळू नये, तसेच नुसती शाबासकी देऊन मोकळेही होऊ नये. हा बेत म्हणजे काय, हे त्यास उलगडून सांगावे.

असे प्रवास घडलेले आहेत. 2004 साली इवान मॅकग्रेगर व चार्ली बूरमन हे दोन नट लंडनहून निघून मंगोलिया, सैबेरिया व उत्तर अमेरिका ओलांडीत न्यूयॉर्कला पोहोचले. वाटेत त्यांनी युनिसेफच्या बालकल्याणाच्या कामांना भेटी दिल्या व त्या कामांकडे लोकांचे लक्ष वेधले. तथापि आपल्या मुलांना अधिक जवळचे उदाहरण बाबा आमटे यांचे होय. 1985 च्या डिसेंबरात त्यांनी कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ यात्रा आरंभिली. 116 तरुण सायकलींवर होते. मणक्याच्या विकारामुळे बाबांना बसणे अशक्य, म्हणून सत्तरी ओलांडलेले बाबा वाहनात पडून त्यांच्यासोबत काश्मीरपर्यंत गेले. अंतर सुमारे 5,000 किलोमीटर. वाहन साधे होते आणि नेता उठून बसूही शकत नव्हता. पण हेतू स्पष्ट होता. शिवाय या यात्रेमागे आनंदवनातील अनेक वर्षांची कुष्ठरोग्यांची सेवा उभी होती. आधी काम, मग प्रवास, हा क्रम ध्यानी घेण्याजोगा आहे.

आता व्यवहाराचा भाग. पृथ्वीचा विषुववृत्तावरील परिघ सुमारे 40,000 किलोमीटर. लिटरला 30 किलोमीटर धरले, तर तेवढ्या अंतरास 1,300 लिटरांहून अधिक पेट्रोल लागते. हे गणित सातवीच्या वर्गास सहज करता येईल. पण खरा खर्च पेट्रोलाचा नव्हेच. समुद्र आडवा आला की गाडी जहाजाने वा विमानाने न्यावी लागते. पनामा व कोलंबिया यांच्यामध्ये जमीन सलग असूनही सुमारे 100 किलोमीटर रस्ताच नाही. नकाशावर ही जागा मुलांना अवश्य दाखवावी. चीनमध्ये स्वतःची गाडी न्यावयाची तर आगाऊ परवानगी व सोबत वाटाड्या लागतो. याखेरीज पारपत्र, देशोदेशीचे व्हिसा, परिवहन कार्यालयाचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आणि पुष्कळ देशांत ‘कार्ने’ नावाचे जकातीचे कागदपत्र हवे. आणलेली गाडी त्या देशात विकणार नाही, परत नेईन, अशी ती हमी असते व तिच्यासाठी मोठी रक्कम तारण ठेवावी लागते.

येथे चाणाक्ष मुले एक प्रश्न विचारतीलच: हा सर्व पैसा सरळ संस्थेस दिला तर? प्रश्न रास्त आहे; तो दाबू नये. प्रवासाचा खर्च प्रवाशाने स्वतः सोसला आणि लोकांनी दिलेली पै न् पै संस्थेस पोहोचली, तर त्या प्रवासाने दात्यांचे वर्तुळ वाढते. लोकांच्या देणगीतूनच पेट्रोल भरले जात असेल, तर त्यास दान न म्हणता सहल म्हणणे प्रामाणिकपणाचे होईल. निदान हिशेब तरी वेगळे हवेत. परदेशी नागरिकांकडून निधी घेणाऱ्या संस्थेस 2010 च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी वा पूर्वपरवानगी लागते, हेही निघण्यापूर्वीच पाहावे लागते.

असा एखादा प्रवासी शाळेत आला, तर त्याचे स्वागत जरूर करावे. त्याच्या तोंडून ऐकलेला भूगोल मुले विसरत नाहीत. निधीची गोष्ट निघाली, तर संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे काय व पावती मिळते काय, हे मुख्याध्यापकांनी विचारावे. विद्यार्थ्यांकडून मात्र वर्गणी घेऊ नये. भट्टीवर राबणाऱ्या बापाकडे मुलाने दहा रुपयांसाठी हट्ट धरावा, अशी वेळ शाळेने आणू नये.

गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना 18 वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो, आणि 2019 च्या दुरुस्तीपासून अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालक वा वाहनमालकास 25,000 रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, ही माहितीही त्याच तासाला सांगून टाकावी.