कायमचं परदेशी जाताना

परदेशी स्थायिक व्हायचं ठरलं, की बहुतेक घरांत आधी बॅगांची खरेदी होते. सुरुवात खरं तर जन्मदाखल्यापासून व्हायला हवी. जुन्या दाखल्यांवर बाळाच्या नावाचा रकाना पुष्कळदा कोराच असतो. शिवाय एकाच बाईचं नाव पदवीवर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं; परदेशी कारकुनाला त्या दोन बायका वाटतात! तिथे विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद कामी येते. भारत २००५ साली हेग करारात सामील झाल्यामुळे करारातल्या देशांसाठी या दाखल्यांवर परराष्ट्र मंत्रालयाचं ‘अपोस्टिल’ (खरेपणाचं प्रमाणपत्र) चालतं. अपोस्टिलच्या आधी राज्य पातळीवर तपासणी होते, आणि तिला वेळ लागतो.

अनिवासी झाल्यावर बँकेचं साधं बचत खातं ‘एनआरओ’ (अनिवासींचं साधारण खातं) करून घ्यावं लागतं. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मिळू शकते. म्हणून सातबाऱ्यावरची रखडलेली वारसनोंद निघण्याआधीच मार्गी लावलेली बरी. भावाला मुखत्यारपत्र द्यायचं तर ठरावीक कामापुरतंच द्यावं. सरसकट अधिकार देणं भाबडेपणाचं.

आईवडिलांशी बोलणं मात्र शेवटच्या आठवड्यावर ढकललं जातं. ‘येऊच की दरवर्षी’ या आश्वासनाने कोणाचंच समाधान होत नाही. त्यापेक्षा रात्री-अपरात्री दवाखान्यात कोण नेणार, हे शेजाऱ्यांना समोर बसवून नावानिशी ठरवावं. निरोपाच्या जेवणावळीत ‘आता काय, मजा आहे!’ ऐकताना पोटात गोळा येतो, तो लपवायचं कारण नाही.

आणि भारतातला मोबाइल नंबर बंद करू नये. बँकेचा ओटीपी बहुधा त्यावरच येतो.